थापेमागचा दिवा

परवा सूनबाईनं माळ्यावरून एक फळी खाली काढली, उलटीसुलटी करून पाहिली आणि मला हाक मारली, "मामंजी, ही फळी पार किडीनं खाल्लीया. चाळण झालीया नुसती. चुलीत घालू का?"

तिचंही बरोबर होतं. भादव्यात आमच्या नंदिगड्ड्याकडं कोरडं लाकूड शोधायचं म्हणजे नदीच्या तळाशी राख शोधण्यासारखं आहे. चार महिने पाऊस असा कोसळलेला असतो की झाडं जमिनीतून पाणी ओढायचं सोडून परत जमिनीतच ओतायला लागतात. मी एकदा काडेपेटी पिळून तांब्याभर पाणी काढलं होतं आणि ते म्हशीला पाजलं होतं. म्हैस दुसऱ्या दिवशी धूर सोडत होती. तर अशा दिवसांत माळ्यावर वर्षानुवर्षं धूर खाऊन खडखडीत झालेली फळी हाती लागली, तर कुठल्याही शहाण्या बाईला चूलच आठवणार.

सूनबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. तिला काय ठाऊक, की ही फळी खाणारी कीड हिरवं लुगडं नेसायची, कामाला बसली की जीभ दातांत धरायची, आणि तिचं नाव गिरजा होतं.

"आण हिकडं," मी म्हणालो.

"जपून घ्या. मधी काय तरी रुतलंया. माझ्या बोटाला टोचलं."

"ऱ्हाऊ दे ते तसंच."

आता मी कोण ते सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला सावध राहता येईल. मी भिवा, गाडीवाला. जंगलातला साग गाडीत घालून रेल्वेपर्यंत न्यायचा, यात माझं सगळं आयुष्य गेलं. लोक म्हणतात, सुप्यापासून पार कॅसलरॉकच्या घाटापर्यंत भिवाएवढा थापाड्या दुसरा नाही. मी म्हणतो, घाटाच्या पलीकडं काय कुणी आहे? एकट्यानं रानातनं गाडी हाकणाऱ्या माणसाला दोनच सोबती असतात, बैल आणि तोंड. बैल ऐकतात पण हसत नाहीत. म्हणून घरी आलो की मी बोलायचो, आणि गिरजा हसायची.

ती कुंभारवाड्याकडची. तिच्या माहेरच्या बायका चवथीच्या गणपतीच्या मखराला कागद टोचत, म्हणजे कागदाला भोकंभोकं पाडून चित्र काढत आणि मागं दिवा लावत. आमच्याकडं कुणाला हे माहीत नव्हतं. आमचं मखर म्हणजे केळीचे खांब, आंब्याचे टाळे, आणि वर रानातल्या फळांनी लगडलेली माटोळी. लग्नात हिच्याबरोबर हंडे येतील, कळश्या येतील म्हणून माझे काका दारात डोळे लावून बसले होते. आली ती पांगाऱ्याच्या लाकडाची ही फळी. काका म्हणाले, "पोरगी फळीवर बसून आली का काय नदीतनं?" ते दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण बोलत बोलत जेवले.

पांगारा लोण्यासारखा मऊ. म्हणून फळी त्याचीच लागते, टोक आत जातं आणि कागद फाटत नाही. सुप्याच्या बाजारात कापडाच्या ताग्यांना निळा जाड कागद गुंडाळून यायचा, तो दुकानदार तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. आमची हवा ओली, कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ पडायचा, तर तो आधी चुलीच्या वर टांगून कडक करायचा. मग त्याच्या पाठीवर कोळशानं चित्र काढायचं आणि फळीवर ठेवून टोचायला घ्यायचं. बारीक कामाला बांबूच्या खुंटीत बसवलेली सुई, आणि मोठ्या भोकाला साळिंदराचा काटा. सुई मधूनमधून मेणावर फिरवायची, की ती न कुरकुरता कागदात शिरते. पाठीकडून टोचलं की पुढं कडा वर उठतात, पुढून टोचलं की खाली दबतात. माशाचं अंग पाठीकडून आणि खवले पुढून, असं ती करायची, मग दिवा लागला की माशाच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटायचा. भोकाभोकांत मोहरीएवढी जागा सोडायची. त्याहून जवळ गेलं तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटून हातात येतो, आणि लांब गेलं तर दिव्याच्या उजेडात चित्राचे तुकडे पडतात.

टिक्, टिक्, टिक्. बाहेर पागोळ्यांचा आवाज आणि आत हा. श्रावण असा जायचा. त्या आवाजात मला जी झोप लागायची तशी पुन्हा लागली नाही.

आणि ती टोचायची काय? देव नाही, कमळ नाही, मोर नाही. ती टोचायची माझ्या थापा.

पहिल्याच वर्षी मी तिला सांगितलं होतं, जोयड्याहून येताना वाटेत वाघ आडवा आला. मी म्हटलं, "पावणं, तंबाखू खाणार?" त्यानं पंजा पुढं केला. मी चिमूटभर दिली, त्याला अशी शिंक आली की पट्टे उडून झाडाला चिकटले, आणि बिचारा पिवळाधमक मांजरासारखा लाजत निघून गेला. ती हसली आणि विसरली, असं मला वाटलं. चवथीला संध्याकाळी गणपतीच्या मागच्या निळ्या कागदाच्या पाठी तिनं समई लावली, आणि तिथं वाघ उभा. एका पंजात चंची. शेजारी झाडाला पट्टे. आणि त्याच्यासमोर काडीएवढा एक माणूस, त्याला डोळे नाहीत, नाक नाही, फक्त तोंड. साळिंदराच्या काट्यानं पाडलेलं हे एवढं भोक, अख्ख्या कागदात सगळ्यांत मोठं, आणि सगळा उजेड त्यातून बदाबदा बाहेर पडतोय.

शेजारची सातूअक्का आरतीच्या मध्येच ओरडली, "अगं बाई, हा तर भिवा!"

तेव्हापासून रीतच पडली. चवथीला आसपासच्या वाड्यांतली माणसं आमच्याकडं गणपतीच्या पाया पडायला यायची आणि मान वर करून विचारायची, "यंदाची थाप कंची?" एका वर्षी काळी नदीतला मासा आला, जो माझी होडी उलट्या धारेनं सुप्याच्या बाजारापर्यंत ओढत घेऊन गेला आणि वर भाडंही मागायला लागला. एका वर्षी जळू आली. ती माझं एवढं रक्त प्याली होती की माझ्या आवाजात बोलायला लागली आणि घरी येऊन गिरजेकडं जेवण मागू लागली. गिरजेनं ती जळू पाटावर बसवली होती, पुढं ताट मांडलं होतं, आणि कोपऱ्यात मी, उपाशी, तोंड उघडं. लोक हसून हसून माटोळीखाली कोसळायचे. एक जण एवढा हसला की माटोळीतली काकडी निसटून थेट त्याच्या तोंडात पडली. ही थाप नाही. असली तरी तिनं टोचलेली नाही, म्हणजे थाप नाही.

कारण तिचा एक नियम होता. माझा मोरा बैल चिखलात रुतलेली गाडी एकट्यानं ओढून वर आला, त्या वर्षी मी तिला म्हटलं, "थाप ऱ्हाऊ दे, माझा मोरा टोच. सगळ्यांनी बघितलंया."

ती जीभ दातांतून सोडून म्हणाली, "मग त्येला भोकं कशाला पाडू? जे हाय ते दिसतंय की. जे न्हाई त्येच्यामागं दिवा लावाय लागतो."

मी किती तरी वेळा गाडीवर बसून ते वाक्य चघळलं आहे. कागद म्हणजे काय, नुसतं निळं आभाळ. त्यात भरत काहीच नाही, उलट काढून टाकतात. जिथं काही उरलेलं नाही तिथूनच चित्र दिसतं.

पाच दिवसांनी गणपती बोळवायचा, आणि त्याच्याबरोबर मखरावरचं सगळं पाण्यात सोडायचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या आमच्या पोटात जायच्या आणि वाघ, मासा, जळू नाल्याच्या धारेला लागायचे. मला वाईट वाटायचं. एवढा महिना डोळे फोडून केलेलं काम! ती हात झटकायची. "तुमच्याकडं काय थापांचा तोटा हाय?"

मग एका साली आषाढातच तिला हिवतापानं धरलं. आमच्या मुलखात हिवताप हा पाहुणा नसतो, घरचाच असतो, पावसाळ्यात येतो आणि भात पिवळं पडलं की जातो. म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. दिवसाआड थंडी भरायची, तीन घोंगड्यांखाली ती अशी थडथडायची की खाटेचे पाय जमिनीवर सरकायचे. मी म्हणायचो, "गिरजे, अशीच हालत ऱ्हा, खाट चालत चालत दवाखान्यात जाईल, मला गाडी जुंपायला नको." ती त्या थंडीतही हसायची, दात वाजवत. मग ताप, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी उठून भांडी घासायला लागायची.

मी कोयनेल आणायला गेलो. गोळ्या देणाऱ्यानं तिच्याबद्दल विचारलं, पोटातली पानथरी वाढलीय का, हातपाय सुजलेत का, डोळ्यांत पिवळं दिसतं का. मी सगळ्याला होय म्हटलं. त्यानं गोळ्या बांधून दिल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. येताना वाटेत तेरडा फुलला होता, दोन्ही बाजूंना, असा की गाडीची चाकंसुद्धा गुलाबी दिसत होती, आणि मला त्या तेरड्याचा राग आला.

घरी तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, ही बाई एवढी टणक हाय, तर तापाला आधी औषध द्या."

ती गोळी तोंडात टाकून तोंड वाकडं करत म्हणाली, "लोक सांगत्यात तेवढं कडू न्हाई." कोयनेल कडू नाही! घरात दोन थापाडे झाले होते.

मग श्रावण आला. एका बऱ्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली. बांगड्या मनगटावरून निसटून कोपरापर्यंत गेल्या होत्या. चुलीवर निळा कागद टांगलेला.

"अवो, टोचायला घ्यायचं हाय. यंदाची थाप सांगा की."

"वाघाची?"

"ती झाली."

"जळवेची?"

"झाली. तुमी असं गप बसला तर मी टोचू काय?"

गप. मी! मी तोंड उघडलं आणि तोंडात काहीच नव्हतं. मी तिच्या बांगड्यांकडं बघत राहिलो. मग कुठून तरी आलं आणि मी बोलत सुटलो, "थाप ऱ्हाऊ दे, आज खरी बातमी सांगतो. सरकार कुंभारवाड्यापतूर गाडीवाट काढतंया."

"काय म्हणता!"

"तर! रानातनं सरळ. सुगी संपेपतूर वाट तयार. भात कापलं, मळलं, की तुला गाडीत बसवतो. खाली गवत, गवतावर वाकळ, वाकळीवर तू. मोऱ्याच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा. तुझ्या आवयच्या दारात, माझ्या सासूपुढं, गाडी उभी करतो का न्हाई बघ."

"गाडीतनं? माहेराला? मी?"

"तू न्हाई तर काय सातूअक्का?"

तिनं आजवर कुंभारवाड्याची वाट पायीच तुडवली होती, डोकीवर गाठोडं घेऊन, पायाच्या जळवा उपटत.

"आणि हा ताप?"

"त्येला कोण गाडीत घेतंय? त्येला हितं गोठ्यात बांधून ठेवू. सुगीपतूर तू अशी टणटणीत होशील की गाडी तूच हाकशील."

"खरं?"

"खरं."

"बरं," ती म्हणाली, आणि तिनं कोळसा मागितला.

मला वाटलं, विश्वास बसला. मी गोठ्यात गेलो आणि मोऱ्याच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिलो. बैल ऐकतात, पण हसत नाहीत, हे फार बरं असतं.

बऱ्या दिवशी ती टोचायची. नेहमीसारखा टिक्, टिक् असा आवाज नव्हता, मध्ये मोठमोठ्या खंडांनी एखादा टिक्. दिवा लागेपर्यंत चित्र मला दाखवायचं नाही, ही तिची जुनी रीत. मी समजलो, असेल जुनाच एखादा मासा. चवथीच्या आदल्या दुपारी तिनं मला हाक मारली. कागद पालथा, पाठीवर कोळशाच्या पुसट रेघा, मला त्यातलं काही उमगेना. तिनं साळिंदराचा काटा माझ्या हातात दिला आणि एका जागी बोट ठेवलं.

"हितं दाबा. तुमचं तोंड हाय. माझ्या हातात जोर न्हाई."

गाडीवाल्याचा हात. मी दाबलं तर काटा कागदातून फळीत कच्चकन् शिरला आणि टोक आत मोडून राहिलं.

"बगा," ती म्हणाली, "केवढं तोंड! काट्याला झेपलं न्हाई."

चवथीला माणसं जमली. मी समई कागदामागं सरकवली. उजेड नेहमीसारखा धावत आला नाही. भोकं उथळ होती, कुठं कुठं तर सुईनं कागदाला नुसता स्पर्श केला होता. लोकांना पुढं सरकून, डोळे बारीक करून बघावं लागलं. हळूहळू दिसायला लागलं. दोन बैल, त्यांच्या पाठी लाटांसारख्या वाकड्या, कारण हात थरथरला होता. गळ्यात माळा. गाडी. गाडीत गवत, गवतावर वाकळ, वाकळीवर एक बाई बसलेली, अंगावर पदर घेऊन, ऐटीत. आणि पुढं गाडी हाकणारा मी. माझं तोंड मात्र लख्ख. अख्ख्या कागदात तेवढंच एक भोक आरपार होतं.

"ही तर गिरजा!" सातूअक्का म्हणाली. "आणि हा मेला भिवा. गाडी कुठं चाललीया गं?"

गिरजा घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसली होती. "कुंभारवाड्याला."

जो हशा उठला! "कुंभारवाड्याला गाडी! त्या रानातनं! अरे भिवा, मेल्या, यंदा लई मोठी मारलीस! उद्या म्हणशील आगगाडी जातीया!" पोटं धरधरून सगळे वाटेला हसत होते, नसलेल्या गाडीवाटेला. मीही हसलो, सगळ्यांहून मोठ्यानं. पण माझी नजर त्या वाकळीवरच्या बाईवर खिळली होती. खरं असतं तर गिरजेनं ते टोचलं नसतं.

माणसं गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, "गिरजे, ती थाप न्हवती."

"थापच हाय," ती म्हणाली. तिचा हात गरम होता. "पण आजवरच्या सगळ्यांत ग्वाड."

गणपती बोळवायच्या दिवशी मी कागद ठेवून घ्यायचा म्हटलं. सातूअक्का म्हणाली, देवाचं मागं ठेवू नये. मी गिरजेकडं बघितलं. तिनं मान हलवली, जाऊ द्या म्हणून. नाल्याला गढूळ पाणी जोरात होतं. निळा कागद वर आला, एकदा वळला, आणि गाडी कुंभारवाड्याच्या उलट्या दिशेनं गेली.

भात पिवळं व्हायला लागलं तेव्हा ती गेली. सुगीला थोडे दिवस होते. हिवताप नेहमीसारखा त्याच्या वेळेला गेला, पण त्या वर्षी जाताना त्यानं तिला सोबत नेलं. तिच्या आवयला सांगायला मी पायवाटेनं गेलो. म्हातारी दारात उभी होती. मी आयुष्यभर न थांबता बोललो आहे. तिच्यापुढं मला एक शब्द फुटला नाही, आणि तिला सगळं कळलं.

काही वर्षांनी सरकारनं खरंच कुंभारवाड्याकडं गाडीवाट काढली, साग बाहेर काढायला. लोक म्हणाले, "भिवा, तुझी थाप खरी झाली की रं!" झाली. अर्धी झाली. त्या वाटेनं आता घुंगरं वाजवत गाड्या जातात. मी कुंभारवाड्याला गेलो तर पायवाटेनं जातो.

आणि ही फळी. तिच्यावर सगळी वर्षं एकमेकांवर टोचलेली आहेत, वाघात मासा, माशात जळू, आता कुणाला काही ओळखू यायचं नाही. मला येतं. मी बोट फिरवलं की चंची सापडते, जळवेपुढचं ताट सापडतं. गाडी मात्र सापडत नाही. बैल नाहीत, वाकळ नाही, वाकळीवरची ती नाही. तिच्या हाताला जोर नव्हता, सुई लाकडापर्यंत पोचलीच नाही. त्या कागदाचं या फळीवर एकच काय ते उरलं आहे. साळिंदराच्या काट्याचं मोडकं टोक. माझं तोंड.

हे सगळं मी परवा सूनबाईला सांगितलं, भादव्यातल्या ओल्या धुरात डोळे पुसत. तिनं फुंकणी खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"काय तरीच, मामंजी! कागदात कधी वाघ उभा ऱ्हातोय व्हय? किडीनं खाल्लेली फळी ही. तुमी पण एकेक सांगतासा!"

मी तोंड उघडलं. कागद असता तर मागं दिवा लावून दाखवला असता.

"बरं," मी म्हणालो.

तिनं फळी चुलीत घातली नाही एवढं मात्र खरं. माझ्या मांडीवर ठेवून ती ओली लाकडं आणायला गेली. मी त्या टोकावर अंगठा ठेवून बसून राहिलो. बाहेर भात पोटरीला आलं होतं. सुगीला अजून अवकाश होता.